पथकातली बाई

शिट्टी माझ्याकडे दिली होती. "तुम्हाला सवय आहे मॅडम, कवायत घेता," असं ग्रामसेवक डुबल भाऊसाहेब म्हणाले आणि बॅटरी त्यांनी स्वतःच्या हातात ठेवली.

अजून उजाडायचं होतं. ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर आम्ही तिघं उभे होतो: भाऊसाहेब, पोलीस पाटील आणि मी. पोलीस पाटलांनी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली होती आणि त्यांच्या हातातल्या पिशवीत गुलाबाची फुलं होती. जो कोणी टमरेल घेऊन उघड्यावर जाताना दिसेल त्याला थांबवायचं, नमस्कार करायचा, फूल द्यायचं आणि 'गुड मॉर्निंग' म्हणायचं. माणूस शरमेल आणि उद्यापासून घरच्या संडासात जाईल, अशी तालुक्याची कल्पना होती. पथकाचं नावच गुड मॉर्निंग पथक.

पहिले सापडले ते दगडूतात्या. भाऊसाहेबांनी तोंडावर बॅटरी मारली तरी ते बिचकले नाहीत.

"तात्या, संडास बांधून दिलाय ना तुम्हाला?"

"दिलाय की. शेळ्या बांधल्यात त्यात."

"शेळ्या बाहेर बांधा."

"बाहेर लांडगा येतो. मला न्हाय खात लांडगा."

त्यांनी फूल घेतलं, वास घेतला, कानामागे खोचलं आणि "आलोच" म्हणून माळाकडे चालू लागले. पोलीस पाटील तोंड फिरवून हसले. मलाही हसू आलं होतं.

पुढे डांबरी रस्त्याच्या कडेला बायका बसल्या होत्या. बॅटरीच्या उजेडात नुसते लुगड्यांचे रंग दिसले.

"वाजवा मॅडम," भाऊसाहेब म्हणाले.

"बायका आहेत भाऊसाहेब."

"म्हणून तर तुम्हाला घेतलंय."

मी शिट्टी तोंडाला लावली नाही. त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, शर्टाला पुसली आणि वाजवली. बायका एकेक करून उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून पुढे ओढून, आमच्याकडे पाठ करून, तशाच अर्धवट उभ्या. त्यात एक म्हातारी होती. तिला उठायला जमेना, तेव्हा शेजारचीनं तिला काखेत धरून उठवलं. आम्ही जाईपर्यंत त्या उभ्याच राहणार होत्या आणि भाऊसाहेब तर जायचं नाव घेत नव्हते. त्यांना 'गुड मॉर्निंग' म्हणायचं होतं. ते म्हणालेही.

घरी आले तेव्हा गोदाक्का चुलीपुढे बसली होती. तिच्या घरातली पुढची खोली मी भाड्यानं घेतली होती. साठीची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा गलाईच्या धंद्यात तिकडे कोइमतूरला, सोनं गाळायच्या भट्टीवर. घरात ती एकटीच. गुडघे कामातून गेलेले, पण जीभ शाबूत.

"कोण कोण घावलं?" तिनं विचारलं.

"दगडूतात्या. आणि रस्त्याकडच्या बायका."

"आन आपण दोघी न्हाय घावलो," ती म्हणाली आणि चहात दूध ओतलं.

कारण पथक निघायच्या आधीच आम्ही दोघी माळावर जाऊन आलो होतो. पथकातल्या बाईलाही घरात सोय नव्हती.

म्हणजे संडास होता. गोदाक्काच्या परसात, निळं दार लावलेला, वर पंचायतीचा नंबर टाकलेला, सगळ्या गल्लीत पहिला. तो तिनं माझ्या शब्दावर बांधला होता. मी पांढरमाळच्या शाळेत शिक्षणसेविका म्हणून नुकती रुजू झाले होते. कोरेगावकडची मुलगी, घरात नळ, नळाला पाणी. इथं आल्यावर माळावर जायचा पहिला दिवस मी कधी विसरणार नाही. मग योजना आली आणि मला देवच पावला असं वाटलं. मी घरोघर हिंडले. गोदाक्काला म्हटलं, "आक्का, तुमच्या गुडघ्यांना तरी आराम." तिनं मान्य केलं. खड्डा खणायला आलेल्या माणसांना तिनं भाकरी घातली, स्वतः विटा वाहिल्या.

पांढरमाळला वर वीतभर माती आणि खाली काळा फत्तर. खड्डा गुडघ्याएवढा गेला आणि पहार ठणठण वाजायला लागली. ठेकेदार म्हणाला, बास झालं. पाणी मुरायला खाली जागाच नव्हती. तरी आम्ही वापरला. गावाला पाणी टँकरनं यायचं, त्यातला एक हंडा आम्ही दोघी त्यासाठी बाजूला ठेवायचो आणि प्यायच्या पाण्यात काटकसर करायचो. पावसाळा लागला तसा खड्डा भरला आणि एका सकाळी झाकणाच्या फटीतून सगळं वर आलं. परसातून तुळशीच्या कट्ट्यापर्यंत. गोदाक्का राखेची पाटी घेऊन उभी होती आणि मी खराट्यानं लोटत होते. कुठे लोटायचं ते दोघींनाही कळत नव्हतं. शेजारच्यांच्या उंबऱ्याकडे उतार होता. त्या बायका भांडायला आल्या आणि वासानं परत गेल्या. नंतर दोन वेळा माझ्या घशाखाली घास उतरला नाही.

मी भाऊसाहेबांकडे गेले.

"खड्डा पुन्हा खणून द्या. सुरुंग लावा, काही करा."

"मॅडम, त्या घराचा फोटो वर गेलाय. लाभार्थी दारात उभा, मागे संडास. काम पूर्ण."

"पण वापरता येत नाही."

"वापर हा पुढचा टप्पा आहे," ते म्हणाले.

हे वाक्य त्यांनी चेष्टेनं म्हटलं नव्हतं. डुबल भाऊसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांच्याकडे चार गावं होती, वरून रोज फोन यायचे आणि त्यांची स्वतःची बायको माहेरी बाळंत झालेली. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी चहा न पिता उठले. मग गोदाक्कानं संडासाला कुलूप लावलं, आत गोवऱ्या रचल्या आणि आम्ही परत माळाची वाट धरली. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

तालुक्याहून वाघचौरे साहेब आले ते दिवाळीनंतर. विस्तार अधिकारी. ठेंगणे, स्वच्छ, खिशात दोन पेनं, बोलताना 'आपण' म्हणायची सवय. शाळेत मीटिंग झाली. गाव हागणदारीमुक्त जाहीर करायची तारीख ठरली होती, पण लोक ऐकत नव्हते.

"फुलांनी काही होणार नाही," साहेब म्हणाले. "आपण आता हार घालू. झेंडूचा. फोटो काढू आणि गावाच्या ग्रुपवर टाकू. बाहेरगावी असलेली पोरंबाळं बघतील. लाज हेच औषध."

"आणि पाणी?" मी विचारलं.

"कसलं पाणी?"

"संडासात टाकायला, साहेब. टँकर अजून आठवड्यातून दोनदाच येतो."

"एका माणसाला किती पाणी लागतं मॅडम? एक तांब्या. माळावर पण तांब्याच नेतात ना?"

बाकीचे हसले. माळावरची माती तांब्याभर पाण्यात भागवून घेते, सिमेंटचं भांडं घेत नाही, हे मी सांगायला लागले. मुख्याध्यापकांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. कायम व्हायला मला अजून अवकाश होता, ते त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

साहेबांची दुसरी कल्पना वेड्या बाभळींची होती. गावात शिरताना डाव्या हाताला त्यांचं रान माजलं होतं. बायकांची जागा तीच. "लपायला जागा आहे म्हणून सवय जात नाही," साहेब म्हणाले. दोन दिवसांत जेसीबी आला. विहिरीसाठी, खड्ड्यांसाठी वर्षभर मागितला तेव्हा न मिळालेला जेसीबी. संध्याकाळपर्यंत तिथं लख्ख मैदान झालं. एका टोकाला उभं राहिलं की एसटीचा थांबा सरळ दिसायचा. उपटलेल्या बाभळींच्या ढिगाजवळ उभं राहून साहेबांनी फोटो काढून घेतला.

त्यानंतर बायका लांबच्या ओढ्यात जायला लागल्या. ओढा कोरडा, पण गोट्यांचा. अंधारात तिथं उतरायचं म्हणजे पाय मोडून घ्यायचा. गोदाक्कानं त्यावर उपाय काढला. तिनं संध्याकाळचं जेवण सोडलं आणि दुपारनंतर पाणी पिणं बंद केलं. "पोटात न्हाय तर जायचं काम न्हाय," ती म्हणाली. सुरुवातीला मला ते पटलंही. मग एकदा ती मुतखड्याच्या कळांनी परसात लोळली आणि डॉक्टरांनी तिला दिवसभर पाणी प्यायला सांगितलं. ती घरी येऊन म्हणाली, "डाक्टरला म्हणावं, तू ये माझ्याबरं वढ्यात."

हार आमच्यापर्यंत आला ती सकाळ त्यानंतरची. गोदाक्काला मी ओढ्यात उतरू देत नव्हते, म्हणून आम्ही ओढ्याच्या अलीकडे, बांधाच्या खोलगट जागेत जायचो. थंडी चांगलीच पडली होती. तिनं माझ्या खांद्यावर हात टाकला होता आणि दोघींच्या हातात एकेक टमरेल होतं. पथक अजून निघालेलं नसणार हे मला माहीत होतं, कारण माझ्याशिवाय ते निघत नव्हतं.

अचानक समोरून जीपचे दिवे लागले. साहेब न कळवता मुक्कामाला आले होते, हे मला नंतर समजलं. त्यांनी भाऊसाहेबांना झोपेतून उठवून आणलं होतं. जीप आमच्यापासून दहा पावलांवर थांबली. दिवे बंद केले नाहीत. गोदाक्का डोळ्यांवर हात धरून उभी राहिली.

"सापडल्या," साहेबांचा आवाज आला. ते खाली उतरले. त्यांच्या मनगटावर चार-पाच हार होते, पुजाऱ्याच्या हातात असतात तसे. जवळ आल्यावर त्यांनी मला ओळखलं आणि क्षणभर थबकले. मग त्यांचा चेहरा खुलला.

"अरे वा मॅडम. आपण आधीच ड्युटीवर? भाऊसाहेब, बघा. याला म्हणतात निष्ठा."

भाऊसाहेब जीपमागे उभे होते. त्यांनी माझ्या हातातल्या टमरेलाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. साहेबांनीही पाहिलं असणार. ते आंधळे नव्हते. त्यांनी एक हार सोडवला आणि माझ्यापुढे धरला.

"आपणच घाला आजींना. बाईमाणसानं घातलेला बरा दिसतो. भाऊसाहेब, फोटो घ्या."

भाऊसाहेबांनी फोन वर केला.  गोदाक्कानं माझ्या खांद्यावरचा हात काढून घेतला. तो मला मोकळं करायला काढला होता, हे मला तेव्हाच कळलं. मला वाट करून देत होती ती. तिला चालत घरी जायलाही आधार लागायचा, आणि ती तिथं गुडघे थरथरत एकटी उभी राहिली, मी नीट नोकरी करावी म्हणून.

हार ओला होता. झेंडूचा वास, जीपच्या डिझेलचा वास आणि आमच्या पायाखालचा तो वास, तिन्ही एकदम नाकात शिरले. मग मी तो हार स्वतःच्या गळ्यात घातला आणि टमरेल पुढे धरलं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"मी ड्युटीवर नाही साहेब. मी त्याचसाठी आलेय. रोज येते. पथकाला यायच्या आधी येते. काढा फोटो."

"मॅडम, थट्टा नको."

"थट्टा नाही. आमच्या घरचा संडास भरून वर आला. मी स्वतः लोटलाय. भाऊसाहेबांना विचारा, त्यांना ठाऊक आहे. काढा फोटो आणि टाका ग्रुपवर. खाली नाव लिहा, रोहिणी खाडे, जिल्हा परिषद शाळा, पांढरमाळ, गुड मॉर्निंग पथक."

भाऊसाहेबांनी फोन खाली केला. साहेब म्हणाले, "फोन खिशात ठेवा." भाऊसाहेबांनी तो आधीच ठेवला होता.

साहेबांनी रुमाल काढून नाक पुसलं. इतका वेळ वास त्यांना आला नव्हता, आता आला असावा.

"आपण सुशिक्षित आहात," ते हळू आवाजात म्हणाले. "गावासमोर आदर्श ठेवायचं सोडून..."

"सायब," गोदाक्का मध्येच बोलली, "दिवं तेवढं बंद करा. मला बसायचंय. मला आता थांबवत न्हाय."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं आणि वळून जीपमध्ये चढले. जीप गेली. गोदाक्का जागच्या जागी बसली, मी पाठ करून उभी राहिले. हार अजून माझ्या गळ्यात होता, तो काढायचं मला सुचलं नव्हतं.

मला वाटत होतं, मी काहीतरी मोठं केलं. परतताना गोदाक्का माझ्या खांद्याला धरून चालत होती. मी म्हटलं, "आक्का, बोला काहीतरी."

"काय बोलू? घाल म्हनला हुता तर घालायचा की माझ्या गळ्यात. मला काय हुतंय? माझी लाज कवाच गेली त्या माळावर." थोडं चालून ती म्हणाली, "आन तुमच्या गळ्यात पडला म्हून माझं गुडघं थांबलं का दुखायचं?"

तिचं खरं होतं.

मला वाटलं, आता नोटीस येईल, नोकरी जाईल. मी भावाला फोन करून ठेवला. काहीच आलं नाही. काय लिहिणार होते? पथकातली शिक्षिका स्वतः उघड्यावर जाते असं लिहिलं असतं, तर गाव हागणदारीमुक्त कसं जाहीर करणार? मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, की मॅडम, तुमची तब्येत बरी नसते असं साहेब म्हणाले, तर उद्यापासून पथकाला जाऊ नका. माझ्या जागी अंगणवाडीच्या सेविकेला घेतलं. तिच्याही घरी संडास नव्हता. ती अजून लवकर उठायला लागली.

हार घालणं चालूच राहिलं. दगडूतात्यांचा फोटो ग्रुपवर आला, त्यात ते हसत होते. एका नव्या सुनेचाही आला, तोंड पदरात घेतलेला, पण पातळावरून सगळ्यांनी ओळखलं. तिला तिच्या नवऱ्यानं माहेरी पाठवून दिलं. त्या नवऱ्यानं माहेरी तरी संडास आहे का ते विचारलं नव्हतं. मी तिच्या सासऱ्याशी बोलायला गेले, तर तो म्हणाला, "सरकारनंच दावलंय की सगळ्या गावाला, आमी काय करणार?"

मग तपासणी झाली. त्या दिवशी पंचायतीनं एक टँकर जादा आणला. प्रत्येक संडासापुढं एक बादली, एक साबणाची वडी आणि चपलांचा जोड ठेवायचा असा निरोप होता. गोदाक्काच्या परसातल्या गोवऱ्या भाऊसाहेबांनी माणसं लावून हलवल्या, भांड्यावर पाणी ओतलं, दाराला नवा निळा रंग दिला. तपासणीचे लोक परगावचे. त्यातल्या एकानं दार उघडून आत डोकावलं.

"आजी, वापरता ना?"

"ह्यांना इचारा," गोदाक्कानं भाऊसाहेबांकडे बोट केलं. "त्येंनीच बांधलाय, त्येंनीच आज धुतलाय."

"नाही वापरत," मी शेजारून म्हटलं. "खड्डा भरलेला आहे. झाकण काढून बघा."

तो माणूस झाकणाकडे दोन पावलं गेला. वास आला तसा थांबला. परत फिरला आणि म्हणाला, "म्हणजे वापर आहे तर." खरोखर असंच म्हणाला. शेजारच्या घराकडे ते वळले तेव्हा भाऊसाहेब मागे रेंगाळले.

"मॅडम, माझी पण नोकरी आहे हो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. समोरच्या बादलीवर, त्या चपलांच्या जोडावर, त्या साबणाच्या वडीवर थुंकावंसं वाटलं, आणि मी घरात निघून गेले.

गाव हागणदारीमुक्त झालं. तालुक्यात कार्यक्रम झाला, साहेबांचा सत्कार झाला. सूत्रसंचालनासाठी मला बोलावणं आलं होतं, मी गेले नाही. पुढच्या उन्हाळ्यात मला दुसरी शाळा मिळाली आणि मी पांढरमाळ सोडलं. आता मी नळाच्या गावात राहते. गोदाक्का जाऊनही काही वर्षं झाली. पण तिची आठवण निघाली की मला त्या हाराची सकाळ पहिल्यांदा आठवत नाही. कार्यक्रमानंतरची एक सकाळ आठवते.

आदल्या दिवशी संध्याकाळी ट्रॅक्टरमधून पत्र्याची पाटी आली होती. शाळेच्या भिंतीएवढी रुंद, दोन लोखंडी खांबांवरची. पंचायतीनं ती गावात शिरताना डाव्या हाताला, जेसीबीनं सपाट केलेल्या त्या मोकळ्या जागेत उभी केली, रस्त्याकडे तोंड करून. 'हागणदारीमुक्त पांढरमाळ गावात आपले सहर्ष स्वागत' आणि खाली सगळ्यांची नावं. पाटीची खालची कड जमिनीपासून जेमतेम वीतभर वर होती.

सकाळी गोदाक्कानं माझ्या खोलीचं दार वाजवलं. तिच्या हातात टमरेल होतं आणि कितीतरी दिवसांनी तिचा आवाज मोकळा होता.

"उठा बाई," ती म्हणाली. "वढ्याकडं जायला नगं आता. पंचायतीनं आडुसा केलाय."